होडीच्या गाडीला दिवे हवेत!

मरीनाच्या दक्षिण टोकाला, दीपस्तंभाच्या पलीकडे, नोच्चिकुप्पम नावाची कोळीवस्ती आहे. चेन्नईला गेलात तर एकदा भल्या सकाळी तिथे जाऊन उभे राहा. रात्री समुद्रात गेलेल्या फायबरच्या होड्या एकेक करून वाळूवर येत असतात. माणसं खांदा लावून त्या वर ओढतात आणि लगेच तिथेच मासळीचा लिलाव सुरू होतो. पूर्वी या किनाऱ्यावर कट्टुमरम असत. 'कट्टु' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे लाकूड. चार-पाच ओंडके दोरीनं बांधले की झाली होडी! काम संपलं की दोरी सोडायची आणि ओंडके वाळत टाकायचे. इंग्रजांनी या शब्दाचं 'कॅटामरान' केलं आणि तो जगभर गेला. या होडीला ना गॅरेज लागे, ना गाडी, ना गाडीला दिवे.

पण याच शहरात काही होड्या अशाही आहेत, की वर्षाकाठी त्यांचा पाण्यातला प्रवास कमी आणि डांबरी रस्त्यावरचा जास्त. या शर्यतीच्या शिडाच्या होड्या. इथला रॉयल मद्रास यॉट क्लब १९११ चा. तो सुरू करण्यात पुढाकार होता सर फ्रान्सिस स्प्रिंग यांचा. हे गृहस्थ मद्रास पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष होते. (त्यांच्याच कचेरीत १९१२ मध्ये महिना तीस रुपयांवर एक कारकून लागला. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन. पण ती गोष्ट वेगळी!) आज चेन्नई हे देशातलं शीडहोडीचं एक मोठं केंद्र आहे. ऑलिम्पिकच्या शिडाच्या शर्यतींसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला, नेत्रा कुमनन, इथलीच. २०२१ मध्ये टोकियोला ती उतरली, आणि वरुण ठक्कर व के. सी. गणपती ही इथलीच जोडीही त्याच वेळी तिथे होती.

साहजिकच शनिवार-रविवारी बंदराच्या आत बारा-तेरा वर्षांची पोरं लाइफ जॅकेट घालून शिडं उभारताना दिसतात. आणि ती शर्यतींना निघाली की होड्याही निघतात. मुंबईला, गोव्याला, पावसाळ्यात हैदराबादच्या हुसेनसागरावर. होडी काही रेल्वेच्या बर्थखाली मावत नाही. ती जाते ट्रेलरवर, मोटारीच्या मागे बांधून.

आमचे एक स्नेही मूळचे पुण्याचे, नोकरीच्या निमित्तानं वीस वर्षांपूर्वी इथे आले आणि बेझंट नगरला स्थायिक झाले. घरात अजून कांदेपोहे होतात, पण त्यावरची कॉफी मात्र दावरा-टंबलरमधली. त्यांची दोन्ही मुलं शीडहोडीच्या नादाला लागलेली. धाकटीची 'ऑप्टिमिस्ट', म्हणजे सव्वादोन मीटरची, पसरट नाकाची, टबासारखी दिसणारी मुलांची होडी. थोरल्याची 'लेझर', सव्वाचार मीटर लांब. दोन्ही एकावर एक रचून नेता येतील असा ट्रेलर त्यांनी करून घेतला आहे. जुलैतल्या एका शनिवारी संध्याकाळी हैदराबादकडे निघायचं ठरलं होतं. सव्वासहाशे किलोमीटरची मजल. उन्हाचा त्रास नको म्हणून रात्रीचा प्रवास आणि सोमवारी सकाळी शर्यतीच्या जागी हजेरी.

सकाळी ट्रेलर मोटारीला जोडून पाहिला, तर मागे सगळी दिवाळी! डावा इंडिकेटर लावला की दोन्ही लाल दिवे त्याच्या तालावर उघडझाप करत होते. ब्रेक दाबला की उजळण्याऐवजी सगळेच मंद होत होते. नंबर प्लेटवरचा दिवा तर मेलेलाच होता.

"रस्त्यात कुठेतरी करून घेऊ," स्नेही म्हणाले.

"अहो, मागच्या सीटवर पोरं झोपलेली असणार," वहिनी म्हणाल्या. "मागून ट्रक येईल, त्याला पुढे होडी आहे हे कळणार कसं? दिवे लागल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही."

वहिनींचं खरंच होतं. मोटारीचे स्वतःचे मागचे दिवे ट्रेलरवरच्या होडीआड पूर्ण झाकले जातात. म्हणजे ट्रेलरचे दिवे बंद असले तर त्या मोटारीला मागून दिवेच नाहीत. होडीचा मागचा भाग ट्रेलरच्या बाहेर हातभर आलेला असतो, तो वेगळाच. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत गाडीला दिवे हवेतच, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलं आहे. नियम बाजूला ठेवा, पण नेल्लोरच्या अलीकडे-पलीकडे रात्री ऐंशी-नव्वदच्या वेगानं धावणारे मालट्रक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वहिनींचा हट्ट पटेल.

कूवमकाठचं मोटारींचं माहेर

अशा वेळी चेन्नईचा माणूस जातो पुदुपेटला. एग्मोर स्टेशनापासून जवळच, कूवम नदीच्या काठाला ही वस्ती आहे. नदीचा वास आधी येतो, मग वस्ती दिसते. (कूवमबद्दल चेन्नईकर जेवढं कमी बोलतील तेवढं बरं, असं त्यांनाच वाटतं.) गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना मोटारींचे अवयव. दारं पुस्तकांसारखी उभी रचलेली. बंपर छताला टांगलेले, गिअरबॉक्सचे ढीग, आरशांच्या माळा. मोडीत निघालेली गाडी इथे येते आणि तिचा एकेक भाग सुटा होऊन दुसऱ्या गाडीत पुन्हा जन्म घेतो. काळ्या तेलानं माखलेल्या त्या रस्त्यावरून मोगऱ्याचा गजरा माळलेल्या बाया डोक्यावर जेवणाचे डबे घेऊन सराईतपणे चालत असतात.

नवा माल हवा तर फार लांब जावं लागत नाही. माउंट रोडला लागून जनरल पॅटर्स रोड आहे, तिथे सुट्या भागांची आणि मोटारीच्या सजावटीची दुकानं ओळीनं आहेत. विजेचं बारीकसारीक सामान रिची स्ट्रीटला. आणि मध्येच चिंताद्रिपेट, म्हणजे मुळात 'चिन्न तरी पेट्टै', छोट्या मागांची पेठ. १७३४ मध्ये विणकरांसाठी वसवलेल्या या पेठेच्या आजूबाजूला आज वायरींचीच विणकाम चालते म्हणायची! शहराच्या पश्चिमेला पाडी इथे १९६१ पासून मोटारींच्या विजेच्या यंत्रणेचा मोठा कारखाना आहे. त्यामुळे या धंद्यातलं ज्ञान इथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं.

आमच्या वाट्याला आलेले मिस्त्री साठीचे होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कमरेला लुंगी, खिशात टेस्टर. सगळे त्यांना 'अण्णा' म्हणत होते, आम्हीही म्हणालो. स्नेह्यांनी येतानाच चार नवे बल्ब घेतले होते आणि दोन्ही दिवे बदलूनच टाकायचे का, असं विचारत होते. अण्णांनी त्यांना हातानंच थांबवलं. एकदा डावा इंडिकेटर लावायला सांगितला, मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "एर्त्, सार. एर्त् इल्लै."

म्हणजे अर्थिंग नाही.

मग त्यांनी जे केलं, ते एखाद्या जादूगारासारखं होतं. दोन्ही टोकांना चिमटे लावलेली एक लांब वायर काढली. एक चिमटा मोटारीच्या बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरा ट्रेलरच्या दिव्याच्या पत्र्याला. त्याच क्षणी दिवे लख्ख झाले, डावा इंडिकेटर एकटाच, शहाण्यासारखा लुकलुकू लागला. नवा बल्ब नाही, नवा दिवा नाही.

यामागचं गणित सोपं आहे. वीज बॅटरीतून निघते, दिव्यातून जाते आणि तिला परत बॅटरीकडे यावंच लागतं. जाण्यासाठी प्रत्येक दिव्याला वेगळी वायर असते, पण परतीसाठी बऱ्याचदा ट्रेलरचा लोखंडी सांगाडाच वापरतात. स्वस्तातल्या कामात तर ट्रेलर जिथे मोटारीला अडकवतात, त्या गोळ्यातूनच ही परतीची वाट काढलेली असते. तो गोळा ग्रीसनं माखलेला, खड्ड्याखड्ड्याला हलणारा! आता ही वाट गंजली, की डाव्या इंडिकेटरची वीज परत जायला दुसरी वाट शोधते आणि शेजारच्या लाल दिव्यांतून उलटी शिरते. म्हणून ते सगळे एकत्र नाचतात. एक दिवा लावला असता भलताच दिवा हलला किंवा सगळे मंद झाले, तर बल्बाला हात लावू नका, आधी अर्थिंग पाहा.

अण्णांनी सांगाड्याला लागलेला बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरनं खाली चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून पुन्हा आवळला आणि वर व्हॅसलीन फासलं. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रत्येक दिव्यापासून थेट प्लगपर्यंत परतीची स्वतंत्र वायर ओढायला सांगितली. सांगाड्याचा भरवसा नाही, म्हणाले. समुद्राजवळचं लोखंड.

कळकलेलं ताक आणि कल्हईची वायर

समुद्राजवळचं लोखंड, हेच खरं दुखणं. शेतातल्या ट्रॉलीचे दिवे आणि होडीच्या ट्रेलरचे दिवे यांत मोठा फरक हा, की होडीचा ट्रेलर पाण्यात जातो. उतारावरून चाकं बुडेपर्यंत ढकलला की होडी आपोआप तरंगून सुटी होते. त्यात दिवेही बुडतात. वाटेत तास-दोन तास जळून तापलेला बल्ब एकदम गार पाण्यात गेला की काच तडकते. त्याहून वाईट म्हणजे दिवा चालू असताना खारं पाणी आत शिरलं, तर विजेच्या जोरावर पितळ अक्षरशः खाल्लं जातं. म्हणून जाणती माणसं पाण्याजवळ पोचल्याबरोबर पहिलं काम करतात ते प्लग काढण्याचं.

पाण्यात न बुडताही चेन्नईत सुटका नाही. खारा वारा बाराही महिने आहेच. बेझंट नगरच्या गच्चीवरच्या तारांना, खिडक्यांच्या गजांना विचारा. आमच्या आज्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू देत नसत, कल्हई उडाली असेल तर ते कळकतं म्हणून. तोच हिरवा कळंक या वायरींत चढतो. अण्णांनी ट्रेलरचा प्लग उघडून दाखवला, तर सातही पिना हिरव्यागार. पुढे आसाजवळ कोणीतरी दोन वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर आत तांब्याची काळी पूड. त्या एका जागी नंबर प्लेटचा दिवा मेला होता.

यावरचा उपायही आज्यांचाच निघाला. कल्हई! होड्यांसाठी जी वायर मिळते, तिच्या तांब्याच्या प्रत्येक तारेवर कथलाचा मुलामा दिलेला असतो. ती तांबूस नाही, चंदेरी दिसते. रिची स्ट्रीटला थोडी शोधाशोध करून ती मिळाली. साध्या वायरीपेक्षा महाग, पण कळकत नाही. सांधे पिळायचे नाहीत, सोल्डर करायचे आणि वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवायची. हे सगळं अण्णांच्या शागिर्दानं, सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं, रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून तासाभरात केलं.

मध्ये एक गंमत झाली. स्नेह्यांनी बरोबर डिजिटल मीटर आणला होता. खराब सांध्यापाशीही तो बारा व्होल्ट दाखवत होता. अण्णांनी त्याकडे पाहून मान हलवली आणि आपला टेस्ट लॅम्प लावला. म्हणजे काय, तर होल्डरमधला साधा बल्ब आणि दोन वायरी. तो जेमतेम मिणमिणला. कारण वायरीतली एकच तार शाबूत असली, तरी मीटरला तेवढी पुरते. मीटर जवळजवळ वीज ओढतच नाही. बल्बाला मात्र खरी वीज लागते. मीटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतं. ज्यांच्या घरी ट्रेलर आहे, किंवा मागे ट्रॉली असलेला ट्रॅक्टर आहे, त्यांनी असा टेस्ट लॅम्प जरूर करून ठेवावा.

सुरुवात कुठून करायची, याचाही अण्णांचा एक क्रम होता. आधी मोटारीच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प. तिथेच वीज नसेल तर ट्रेलरचा काय दोष? फ्यूज पाहा. तिथे वीज असेल तर प्लग, मग अर्थिंग, मग सांधे आणि सगळ्यात शेवटी बल्ब. आपण नेमके उलटे जातो. रंगांवर विसंबू नका, हेही त्यांनी बजावलं. सात पिनांच्या प्लगचं एक ठरलेलं कोष्टक आहे. त्यात पांढरी वायर अर्थिंगची, पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची. पण आपल्याकडे हाताशी जी वायर असेल ती जोडतात. या ट्रेलरमध्ये पांढरी वायर ब्रेकला होती!

बल्बाची एक खोड मात्र शेवटी निघालीच. मागचा लाल दिवा आणि ब्रेकचा दिवा यांना एकच बल्ब असतो, त्यात दोन तारा, एक पाच वॅटची, एक एकवीसची. तो उलटा बसू नये म्हणून त्याच्या दोन पिना वरखाली असतात. उजवीकडचा बल्ब कोणीतरी जोर लावून उलटा बसवला होता. म्हणजे मागचा लाल दिवा भगभगीत आणि ब्रेकचा मिणमिणता. मागच्या ड्रायव्हरनं यातून काय समजायचं?

मोटार नव्या जमान्याची असेल तर आणखी एक काळजी. हल्लीच्या गाड्यांत दिव्यांवर छोट्या संगणकाची नजर असते. तिच्या वायरी कापून ट्रेलरचे दिवे थेट जोडले की ती गोंधळते, कधी कधी महागातला भाग जळतो. मध्ये रिले किंवा त्यासाठीच मिळणारा जोडसंच घालावा. अण्णांनी या बाबतीत स्वतःहून हात वर केले आणि गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या एका तरुणाकडे धाडलं. "अवन पडिच्चवन," म्हणाले. तो शिकलेला आहे. मला हे फार आवडलं.

फळीवरचे दिवे

दुपारी जनरल पॅटर्स रोडवरच्या दुकानात सीलबंद एलईडी दिवे पाहिले. ते तापत नाहीत, पाणी आत जात नाही आणि वीज अगदी कमी लागते. स्नेह्यांना तेच हवे होते. पण अण्णांचं मत वेगळं पडलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात शहाणपणाचं. दिवे ट्रेलरवर पक्के करूच नका. एक फळी घ्या, दोन्ही टोकांना दिवे, मध्ये नंबर प्लेट, लाल रिफ्लेक्टर आणि लांब वायर. ही फळी होडीच्या अगदी मागच्या टोकाला दोरीनं बांधायची. पाण्याशी आलं की सोडून गाडीत ठेवायची. दिवा बुडतच नाही, तर कळकणार कसा? शिवाय दिवे होडीच्या टोकाशी आल्यानं बाहेर आलेला भागही अंधारात राहत नाही. परदेशात ही पद्धत सर्रास आहे. पुदुपेटच्या अण्णांना ती कोणी शिकवली, ते मी विचारलं. ते हसले. कासिमेडूच्या मासळीबंदरात ने-आण करणाऱ्या हातगाड्यांना रात्री असाच कंदील बांधत, म्हणाले.

होडी आणि दिवा यांचं नातं या किनाऱ्याला नवं नाहीच. मद्रासचा पहिला दीपस्तंभ १७९६ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या इमारतीच्या माथ्यावर लागला, खोबरेल तेलाच्या दिव्यांचा. १८४४ मध्ये त्यासाठी दगडी स्तंभ उभारला, तो आजही हायकोर्टाच्या आवारात आहे. १८९४ मध्ये दिवा हायकोर्टाच्याच उंच घुमटावर चढला आणि १९७७ मध्ये मरीनावरच्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मनोऱ्यात आला. याला लिफ्ट आहे, आणि २०१३ पासून लोकांना वर जाऊन शहर पाहता येतं. आणि मराठी माणसानं लक्षात ठेवावा असा एक मनोरा इथून बराच दक्षिणेला, पट्टुकोट्टैजवळच्या किनाऱ्यावर आहे. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी १८१४ च्या सुमारास बांधलेला. नावही 'मनोरा'च! नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून तो उभारला, पण जहाजांना दिवा दाखवायच्याही कामी आला.

संध्याकाळी पाचला फळी तयार झाली. जुन्या सागवानी दाराची होती, पुदुपेटच्याच ढिगातली. वायरीपेक्षा मजुरी कमी झाली, तेव्हा स्नेह्यांनी वर थोडे पैसे द्यायला पुढे केले. अण्णांनी ते शागिर्दाच्या हातात ठेवले.

निघण्यापूर्वी वहिनी स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या. थोरला स्टिअरिंगजवळ बसून एकेक बटण दाबत होता आणि धाकटी मोठ्यानं यादी वाचत होती. डावा, उजवा, ब्रेक, नंबर प्लेट. मग ट्रेलर थोडा हलवून पुन्हा एकदा, कारण खरा दोष हादऱ्यातच उघडा पडतो. रेड हिल्स ओलांडल्यावर चहाला थांबले तेव्हा तिसऱ्यांदा पाहिलं आणि ओंगोलला, हैदराबादचा फाटा घेण्याआधी, चौथ्यांदा. तिथल्या चहावाल्यानं विचारलं म्हणे, की होडीला एवढे दिवे कशाला, ही रात्री रस्त्यावरून पोहते का?